पदरची विचारपूस

महादेवरावांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला आणि ‘नेबर’ या इंग्रजी शब्दातला यू पुसून टाकला.

यू गेला तशी शब्दाखालची लाल रेघही गेली. फोन मुलाने, दीपकने अमेरिकेतून पाठवलेला, त्यामुळे त्याच्या पोटातला शब्दकोशही तिकडचाच. उंद्रीच्या हायस्कुलात अख्खी नोकरी पोरांच्या शब्दांखाली लाल रेघा ओढण्यात गेली आणि आता म्हातारपणी हा वीतभर फोन त्यांच्याच शब्दांखाली रेघा ओढत होता. करावे तसे भरावे, दुसरं काय. त्यांनी पाठीमागची घोंगडीची वळकटी सारखी केली, खुर्चीत जरा ताठ झाले आणि पुढच्या ओळीतला यू शोधू लागले.

“सर, कोनाले लिहून राह्यले?”

शेजारच्या गोजरबाई झाकलेलं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. महादेवरावांच्या पत्नी गीताबाई गेल्यापासून दोन्ही वेळची भाकर-भाजी रोज सकाळी त्यांच्याच घरून येत असे.

“दीपकले.”

“अन् काजलचं?”

“तिचं लिहून झालं. धाडायचं हाये.”

“माहं नाव टाकलं का त्याच्यात?”

“टाकलं ना. आमच्या शेजारनीनं भरीत लय चांगलं केलं होतं म्हनून लिहलं. पन काजलच्या पत्रात शेजारनीले एक अक्षर जास्त हाये अन् दीपकच्या पत्रात एक कमी.”

“काऊन?”

“इंग्लंडात ठेवतात, अमेरिकेत काढून टाकतात.”

“काढा बापा. मले तं एकबी येत नाही. एकानं काय फरक पडते?”

गोजरबाईंनी ताट टेबलावर ठेवलं आणि कालचं रिकामं ताट उचलायला गेल्या. ते रिकामं नव्हतं. भाजी तशीच होती, भाकरीचा जेमतेम चतकोर मोडलेला.

“कालबी रातचं जेवलेच नाही का?”

“भूक नव्हती. गाईले घाला.”

गोजरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण मास्तरला बोलणार कोण? ताट पदराखाली धरून त्या निघून गेल्या.

रविवारी पत्र लिहायचं, हा या घरचा जुना कायदा. दीपक आणि त्याची धाकटी बहीण काजल शिकायला बाहेर पडले, आधी चिखलीला आणि मग अमरावतीला, तेव्हापासूनचा. पोरांनी दर रविवारी घरी पत्र लिहायचं, तेही इंग्रजीत. महादेवरावांनी चुकांभोवती तांबड्या शाईचे गोल करायचे आणि तेच पत्र उलट टपालाने परत धाडायचं. पत्रात काय लिहिलंय याला मार्क नव्हते, कसं लिहिलंय याला होते. काजलने एकदा ताप आल्याचं लिहिलं, तर तेही पत्र गोल करून परत गेलं.

“लेकरू तिकडे तापानं फनफनून राह्यलं, अन् तुमी गोल काढून राह्यले,” गीताबाई म्हणाल्या होत्या.

मग महादेवरावांनी पत्राच्या तळाशी मराठीत एक ओळ लिहिली होती: औषध घेणे.

गावात त्यांना पाठीमागे ‘यू सर’ म्हणत. कलर, ऑनर, फेवर, नेबर, यांतल्या कशातलाही यू कोणी गाळला की सर तो वहीवर बसवून देत. नुसता बसवत नसत, मेख ठोकावी तसा ठोकत. इंग्रज गेला, पण शिकवून गेला ते नीट ठेवा, हे त्यांचं वर्गातलं ठरलेलं वाक्य. अमेरिकन स्पेलिंग म्हणजे त्यांच्या लेखी कामचुकारपणा होता. नशीब मात्र असं चेष्टेखोर, की काजल नोकरीला गेली ती इंग्लंडात लीड्सच्या एका दवाखान्यात, आणि दीपक गेला अमेरिकेत डॅलसला. म्हणजे लेकीच्या घरी यू, लेकाच्या घरी नाही. गीताबाई होत्या तोवर या गोष्टीचं हसू व्हायचं.

गीताबाई मागच्या कार्तिकात गेल्या. शेवटचे दोन महिने काजल बिनपगारी रजा काढून आईच्या उशाशी बसून होती. दीपकला येता आलं नाही. त्याचे तिथले कागद अडकले होते. देश सोडला तर परत आत घेतील याची शाश्वती नव्हती. येतो येतो म्हणत राहिला, आणि शेवटी व्हायचं ते होवो म्हणून निघाला, तो पोचला नेमका तेरवीच्या दिवशी, पंगत बसता बसता. हातपाय धुऊन तो भावकीच्या रांगेत बसला. वाढायला काजल होती. हातात कढीची बादली घेऊन ती त्याच्यासमोर थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आला का? बस मंग. तेरवीचं जेवनच राह्यलं होतं तुह्याकरता.”

दीपक उठला. बॅग अजून दारातच होती, ती त्याने उचलली. पुढचे चार दिवस तो चिखलीला मित्राकडे राहिला आणि तिथूनच परत गेला. पंगतीत त्याची पत्रावळ वाढलेली तशीच राहिली. जेवणारे उठले, झाडलोट झाली, तरी ती उचलायला कोणाचा हात धजेना. शेवटी महादेवरावांनीच उचलली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?

त्यानंतर आठवड्याभराने दीपकचा इंग्रजीत मेसेज आला. पोचलो. आईचा मान मी माझ्या पद्धतीने राखीन. एवढंच. त्यात ‘ऑनर’ या शब्दात यू नव्हता. महादेवरावांना सवयीने तेच आधी दिसलं. मग बाकीचं वाक्य दिसलं, आणि आपल्याला काय आधी दिसलं याची त्यांना लाज वाटली. त्यांनी उत्तर लिहिलं, त्यात तोच शब्द लिहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा यू न घालता लिहिला. खाटेवर जरा सरकून पोराला बसायला जागा करून द्यावी, तसं ते होतं. दीपकच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

तेव्हापासून रविवारचा कायदा उलटा झाला. आता पत्रं बाप लिहितो आणि पोरं एका ओळीत पोच देतात. फोनवर बोलणं होई, पण ते काय बोलणं! पाऊस आहे का, बीपीची गोळी घेतली का, बरं ठेवतो. तीन वाक्यांत आटपे. लिहिताना निदान पोरांजवळ बसता येत असे. महादेवराव आधी काजलचं पत्र लिहीत, सगळे यू जागच्या जागी ठेवून. मग तेच पत्र दीपकसाठी पुन्हा लिहीत आणि एकेक यू वेचून काढत. तूर फुलावर आली, कारभारीचा बैल लंगडायला लागला, गोजरबाईंनी भरीत केलं, अशा उंद्रीच्या बातम्या दर आठवड्याला दोन वेषांत दोन दिशांना जात.

एकच पत्र दोघांना लिहावं, हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. फोनवर त्याची सोयही होती. गीताबाईंनी काजलकडून एक ग्रुप करवून घेतला होता, ‘घर’ नावाचा. गीताबाईंना टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्या बोलून पाठवत. ग्रुपमध्ये सगळ्यात शेवटी त्यांचाच आवाज होता. “जेवले का रे सगळे?” त्याच्याखाली वर्षभर कोणी काही लिहिलं नव्हतं. महादेवराव अनेकदा ‘घर’ उघडत, लिहायला लागत, आणि पहिल्याच ‘नेबर’पाशी अडत. यू ठेवला तर ते पत्र काजलकडचं होणार, काढला तर दीपककडचं. पोरं यावरून काही मनात आणणार नाहीत हे त्यांना कळत होतं. पण पंगतीत कोणाच्या बाजूला बसायचं हे न ठरवता बापाने वर्ष काढलं होतं, ते आता एका अक्षरासाठी कशाला ठरवायचं? ‘घर’ ते पुन्हा मिटून टाकत.

दोन्ही पत्रांत आणखी एक गोष्ट असे, आणि ती बातमी नव्हती. ती महादेवरावांच्या पदरची होती.

दीपकच्या पत्रात शेवटी असायचं, की काजलने तुझी चौकशी केली. काजलच्या पत्रात असायचं, की दीपक तुझ्याबद्दल विचारत होता. दोघांपैकी कोणीही कोणाची चौकशी केलेली नव्हती. पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा त्यांचं बोट अडखळलं. मराठीत हे खोटं त्यांच्याने लिहवलंच नसतं. पण इंग्रजी ही त्यांची इस्त्रीच्या कपड्यांतली भाषा. ती अंगावर चढवली की माणूस थोडा परका होतो आणि परक्याला पुष्कळ काही जमतं. नुसतं ‘विचारत होती’ म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? म्हणून ते तपशील घालत. काजल विचारत होती, दादाची पाठ कशी आहे, फार वेळ बसलं की चमक येते का. दीपक विचारत होता, तू रात्रीचं जेवतेस ना, की एकटीसाठी काय वाढायचं म्हणून तशीच निजतेस? झोप लागते का, की पहाटे उगाच जाग येते? असली साधीच विचारपूस. कुठून सुचायची कोण जाणे. लिहायला बसलं की आपोआप उतरत जाई.

काजलने एकदा उत्तरात फटकारलं होतं, की दादाला तोंड आहे, त्याने मला विचारावं. दीपक त्या ओळीबद्दल कधीच काही लिहीत नसे. फक्त एकदा, उन्हाळ्यात, त्याने लिहिलं होतं: तिला सांगा, मी बरा आहे. ते वाचून महादेवरावांनी फोन खिशात घातला होता आणि उगाच गावातून एक चक्कर मारून आले होते. त्या एका वाक्यावर त्यांनी पावसाळा काढला.

आजचं पत्र मात्र नेहमीचं नव्हतं. गीताबाईंचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यावर आलं होतं. महादेवरावांनी दोन्ही पत्रांत तिथी कळवली होती. या, असं लिहिलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनी खोड. त्याऐवजी दीपकला लिहिलं होतं, की काजल विचारत होती, दादा येईल का, त्याची पाठ एवढा प्रवास सोसेल का. काजलला लिहिलं होतं, की दीपक म्हणत होता, काजल येणार असेल तर मीही बघतो. या वेळी दोघं एका रांगेत जेवले नाहीत, तर आपल्या हयातीत जेवणार नाहीत, हे महादेवरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून प्रत्येक शब्द ते तोलून मापून तपासत होते. दोन्ही पत्रं फोनमधल्या वहीत तयार होती. उचलून ज्याच्या त्याच्या नावावर टाकायची बाकी होती.

दीपकचं पत्र त्यांनी शेवटचं एकदा वाचलं, अगदी परीक्षकाच्या नजरेने. एक ‘फेवर’ निसटला होता. त्यातला यू काढला. ‘ऑर्गनाइझ’मध्ये एसच्या जागी झेड घातला. आता कुठेच लाल रेघ नव्हती. समाधानाने त्यांनी पत्र उचललं, टाकलं आणि धाडलं.

मग दुसरं पत्र टाकायला काजलचं नाव शोधू लागले, तर ते शोधावं लागलं नाही. समोर तेच उघडं होतं. काजलच्या नावाखाली, हिरव्या चौकटीत, पत्र सुरू होत होतं, डिअर दीपक.

पंगतीत प्रत्येक पानावर मीठ पडलं की नाही हे पाहत जावं आणि आपण भलत्याच मांडवात वाढतोय हे दिसू नये, तशी गत झाली. अक्षर न् अक्षर तपासलं होतं. वरचं नाव तेवढं पाहिलं नव्हतं. धाडलेलं पुसता येतं हे त्यांनी ऐकलं होतं. घाईघाईने ते इकडेतिकडे दाबत राहिले. काजलला रात्रपाळी असणार, ती जागीच असणार. ते पुसायची जागा शोधत होते तोवर दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

काजलने वाचलं. काजलने कधीच न विचारलेले काजलचे प्रश्न काजलने वाचले.

महादेवराव फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. एक खोटं कळलं म्हणजे सगळीच कळली. दीपक विचारत होता, दीपक विचारत होता, असं वर्षभर लिहिलेलं सगळं आता ती उलगडून बघणार. ती दीपकला सांगेल. मग त्याचं ते ‘मी बरा आहे’ही वाया गेलं. दोघांमध्ये एक दोरा होता, कच्चा का होईना, तो बापानेच तोडला. त्यांना स्वतःचा इतका राग आला की ताटावरचं झाकण त्यांनी काढलंच नाही.

दुपारी त्यांनी काजलला लिहायला घेतलं. ‘अपॉलोजाइज’ लिहिलं, तिच्यासाठी म्हणून एस घालून. फोनने लगेच रेघ ओढली. ते त्या रेघेकडे बघत राहिले. या शब्दापुढे काय लिहायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी तोही शब्द पुसला. काजलकडून काही आलं नाही. संध्याकाळ झाली, तरीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई आल्या त्या कालचं ताट झाकलेलं तसंच बघून दारातच थबकल्या.

“तब्येत बरी नाही का सर?”

महादेवरावांनी हे कोणालाही सांगितलं नसतं. पण पूर्ण दिवस माणसाचा शब्द कानावर पडला नव्हता, आणि गोजरबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी सांगितलं. सगळंच सांगितलं.

“पन खोटं लिहाचं काऊन?” गोजरबाईंनी विचारलं.

“खरं काय लिहू? दीपक इचारत नाही, काजल इचारत नाही, एवढं लिहाले पत्र कायले पायजे?”

गोजरबाईंनी आणलेलं ताट टेबलावर ठेवलं. त्या उंबऱ्यावर टेकल्या.

“माहे दोघं पोरं तं एकाच गल्लीत राह्यतात,” त्या म्हणाल्या. “नळावर समोरासमोर येतात अन् बकेट घेऊन वापस जातात. तुमच्यात तं समुद्र हाये. घरोघरी मातीच्याच चुली, सर.”

याने कोणाचं समाधान व्हायचं? पण महादेवरावांना त्या बसून राहिल्या याचं बरं वाटलं. त्यांच्यासमोर त्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

दिवस सरता सरेना. ते खाटेवर पडले, पाठीला रग लागली म्हणून उठले, खुर्चीत बसले, वळकटी इकडून तिकडे केली. ओट्यावर आले तर रस्त्याने कापूस वेचून बाया परतत होत्या. त्यांतल्या एकीने, जुन्या विद्यार्थिनीने, हात जोडले. आत आले तर घर तसंच. गीताबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, गोल काढा आता तुमच्याच पत्रावर. त्यांच्या बोलण्याची इतकी आठवण आली की महादेवरावांनी ‘घर’ उघडलं आणि त्यांचा आवाज लावला. “जेवले का रे सगळे?” दोन शब्दांच्या मध्ये त्यांना दम लागत होता. आवाज संपला. त्यांनी पुन्हा लावला. आपल्याला किती एकटं वाटतं, हे त्यांनी आजवर स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. आता ते नुसतं कळून आलं आणि ते तसेच उभे राहिले.

दिवेलागणीला गोजरबाई गरम पिठलं घेऊन आल्या. आज समोर बसवूनच जेवू घालायचं, असं ठरवून आल्या होत्या. ताट मांडत असतानाच फोन वाजला.

महादेवरावांनी फोन उचलला आणि नाव वाचलं. दीपक नव्हतं, काजलही नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘घर’.

त्यांना कुठे दाबायचं ते सुचेना. गोजरबाईच म्हणाल्या, “घ्या ना!” त्यांनी घेतला. पडदा मधून दुभंगला. वरच्या भागात दीपक होता, मागे खिडकीत तिकडची सकाळ. खाली काजल होती, रात्रपाळीचा गणवेश अजून अंगावरच, कुठल्यातरी जिन्यात बसलेली. तिचे डोळे सुजलेले होते. दोघं एकाच चौकटीत.

“बाबा,” दीपक म्हणाला, “काल काजलचा फोन आला होता.”

“माहं चुकलं,” महादेवराव घाईने म्हणाले. “मी पदरचं लिहलं. तिनं काही इचारलं नव्हतं. तू बी नाही इचारलं. मलेच वाटलं, म्हनून...”

“थांबा. ते मले पयलेपासून माहीत होतं.”

“काय?”

“काजल इचारूच शकत नव्हती बाबा, माही पाठ कशी हाये म्हनून. माही पाठ कधीच दुखली नाही.”

महादेवराव मागे वळकटीला टेकले.

“काल हिनं फोन केला,” दीपक सांगू लागला. “रागातच होती. म्हने, मी कधी इचारलं तुही पाठ? म्हटलं, मी तरी कधी इचारलं, तू रातचं जेवते का म्हनून? मंग आमी दोघं आपापले पत्रं काढून बसलो. काजल तिच्याकडचं वाचे, मी माह्याकडचं. सगळं वर्ष वाचलं.”

“दादा, मले बोलू दे,” काजल म्हणाली. तिचा आवाज बसला होता. “बाबा, मले दवाखान्यात रातचं जेवन भेटते. मी कधी उपाशी नाही निजली. पहाटं जाग तं मले येतच नाही, पहाटं मी ड्यूटीवर असते.” ती थांबली. “दादाची पाठ दुखत नाही. मंग पाठ कोनाची दुखते?”

महादेवरावांनी फोन धरलेला हात जरा खाली घेतला. वळकटी पाठीमागे होती, ती दिसू नये म्हणून ते खुर्चीत जरा पुढे सरकले आणि पाठीतून चमक निघाली तशी त्यांनी जिवणी घट्ट मिटून घेतली. दोघांनीही ते पाहिलं. गोजरबाईंनीही पाहिलं.

“धड जेवले नाही दोन दिवस,” गोजरबाई मागून मोठ्याने म्हणाल्या. मास्तरला बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. “रातचं तं कधीच जेवत नाहीत. मी रोज गाईले घालते.”

दूर लीड्समध्ये जिन्यावरून कोणीतरी चढून गेलं आणि काजलने त्याला वाट द्यायला गुडघे बाजूला घेतले. मग दीपकने विचारलं, हळू, पण एकेक शब्द नीट उच्चारून, बापाने वर्षभर लिहिलं होतं अगदी तसंच विचारलं.

“बाबा, पाठ कशी हाये? लय वेळ बसलं की चमक येते का?”

त्याच्यापाठोपाठ काजलने विचारलं.

“रातची झोप लागते का, का पहाटंच जाग येते?”

महादेवरावांनी तोंड उघडलं. बरं आहे, असं म्हणायची त्यांना आयुष्यभराची सवय होती. गीताबाई गेल्या त्या दिवशीही आलेल्या प्रत्येकाला ते हेच म्हणाले होते. ते वाक्य आताही ओठांपर्यंत आलं होतं.

“दुखते बे,” ते म्हणाले.

यू सरांच्या तोंडी ‘बे’ हा गल्लीतला शब्द त्यांच्या पोरांनी कधी ऐकला नव्हता. महादेवरावांना एकदम रडू फुटलं. ते लपवायला त्यांनी चष्मा काढला, पण त्याने काही लपलं नाही.

“कधीपासून?” काजलने विचारलं.

“कुठं दुखते, नीट सांगा,” दीपक म्हणाला. “आमी दोघं बी येऊन राह्यलो आईच्या तिथीले. पन ते मंग बोलू. आधी हे सांगा.”

गोजरबाईंनी पिठल्याचं ताट उचलून चुलीशी झाकून ठेवलं आणि त्या उंबऱ्यात बसल्या. महादेवरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, पाठीमागची वळकटी काढून मांडीवर घेतली आणि ते सांगू लागले.